चष्मा लावला की क्लार्क, काढला की सुपरमॅन? गुप्त ओळखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरोंचा विषय निघाला, की क्लार्क केंट नावाचा साधा बातमीदार बनून वावरणाऱ्या सुपरमॅनबद्दल एक प्रश्न हटकून येतो: "नुसता चष्मा लावला, तर आजूबाजूच्यांना कळत कसं नाही?" त्याच्या पाठोपाठ आणखी दहा येतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात गेलाय, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गुप्त ओळख म्हणजे नेमकं काय? मुखवटा घातला की झालं ना?

नाही. मुखवटा फक्त चेहरा झाकतो. गुप्त ओळख म्हणजे दुसरं अख्खं आयुष्य: वेगळं नाव, नोकरी, घरभाडं, मित्र, आणि "काल संध्याकाळी कुठे होतास?" असं विचारणारी माणसं. बॅटमॅन आणि स्पायडरमॅन नायकाचा चेहरा झाकतात. सुपरमॅनचं उलटं आहे. त्याचा नायकाचा चेहरा उघडा असतो, तो झाकतो साध्या माणसाला. हा फरक लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्याच्यावर उभी आहेत. आणि प्रत्येक सुपरहिरोला गुप्त ओळख असतेच असंही नाही. १९६१ साली आलेल्या 'फँटॅस्टिक फोर'मधले चौघे कोण आहेत, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं.

२. ही कल्पना सुपरमॅनपासून सुरू झाली का?

सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. बॅटमॅन पुढच्या वर्षी आला. पण त्याआधी १९०५ च्या कादंबरीतला 'स्कार्लेट पिंपरनेल' होता: फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांना गिलोटिनपासून वाचवणारा आणि एरवी कपड्यांच्या नादी लागलेला बावळट सरदार म्हणून मिरवणारा सर पर्सी ब्लेकनी. १९१९ साली झोरो आला. तो दिवसा आळशी, नाजूक डॉन दिएगो असे.

आपल्याकडे याचं सूत्र फार आधी एका ओळीत सांगून झालंय: वेश असावा बावळा, परी अंतरी नाना कळा. या सगळ्यांचं गुपित चेहऱ्यावर टिकत नव्हतं. "हा? हा कसला तलवार चालवतोय!" या लोकांच्या खात्रीवर टिकत होतं. महाभारतातल्या अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो, तेव्हाही विराटाच्या दरबाराला हीच खात्री असते.

३. चष्म्याने माणूस ओळखू येत नाही, हे खरंच शक्य आहे?

अनोळखी माणसाच्या बाबतीत, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त शक्य आहे.

२०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. ब्रिटनमधल्या लोकांना चेहऱ्यांचे ४० फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. फोटो होते फक्त दोन बायकांचे, प्रत्येकीचे वीस. दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, ब्रिटनमध्ये अनोळखी. ब्रिटिश लोकांनी सरासरी सातहून जास्त गठ्ठे केले. केस बांधलेले, केस सोडलेले, उजेड वेगळा, हसू वेगळं, की त्यांच्या लेखी माणूस वेगळा. त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांनी मात्र जवळपास बिनचूक दोन गठ्ठे करून दिले.

२०१६ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी थेट क्लार्क केंटचाच प्रश्न घेतला. दोन फोटो एकाच अनोळखी माणसाचे आहेत का, हे सांगायचं होतं. एकात चष्मा आणि दुसऱ्यात नाही, असं असलं की अचूकता साधारण ६ टक्क्यांनी घसरली. ६ टक्के म्हणजे काही जादू नव्हे, पण नुसता चष्मा इतकं करू शकतो. त्यात केस, आवाज, चाल यांची भर पडली की काय होईल ते ओळखा.

मात्र हे सगळं अनोळखी चेहऱ्यांपुरतं. रोजच्या ओळखीचा चेहरा आपण चष्मा, दाढी, अंधार सगळं ओलांडून ओळखतो. म्हणून सुपरमॅनच्या मेट्रोपोलिस शहरातले नागरिक फसतात यावर माझा पूर्ण विश्वास बसतो. शेजारच्या टेबलावरची सहकारी फसते, हा वेगळा प्रश्न आहे (प्रश्न ८).

४. मग क्लार्क चष्म्याशिवाय आणखी काय करतो?

याचं उत्तर वाचण्यापेक्षा बघावं. १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात क्रिस्टोफर रीव्हने ते काही सेकंदांत दाखवलं आहे. क्लार्क त्याची सहकारी लोइस लेन हिच्या घरी आलेला असतो. ती आतल्या खोलीत जाते. तो चष्मा काढतो आणि अंग सरळ करतो. खांदे मागे जातात, छाती रुंद होते, मान वर येते, उंची वाढल्यासारखी वाटते. तो बोलतो तोही खालच्या, स्थिर आवाजात. तिला सगळं सांगून टाकायचं त्याने ठरवलेलं असतं. ती बाहेर येते आणि त्याचं अवसान गळतं. खांदे पुन्हा पडतात, चष्मा चढतो, आवाज वर जातो, आणि समोर पुन्हा तोच गोंधळलेला क्लार्क.

मी हा प्रसंग आवाज बंद करूनही पाहिलाय. तरीही दोन माणसं दिसतात. कॅमेऱ्यासमोर, मध्ये काहीही न कापता, नटाने फक्त पाठीच्या कण्याने केलेलं हे काम आहे. चष्म्याचं काम इतकंच की तो कुठला माणूस चालू आहे ते प्रेक्षकाला सांगतो.

५. शक्तिमानचं काय? गंगाधरला पुढे आलेले दात आणि चष्मा, एवढ्यावर कुणी ओळखत नाही?

'शक्तिमान' १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न चालू आहे. गंगाधर हा क्लार्कचाच भाऊ आहे, फक्त क्लार्क लाजाळू आणि गंगाधर हास्यास्पद. हास्यास्पद असणं जास्त सुरक्षित, असं मला वाटतं. ज्याला आपण हसतो त्याच्याकडे आपण नीट बघतच नाही. लाजाळू माणसाबद्दल निदान कुतूहल वाटू शकतं.

६. सुपरमॅनचे फोटो रोज पेपरात येतात. रस्त्यावर एकालाही "अरे, हा तर तोच!" वाटत नाही?

शोधणारा असेल तर सापडेल. पण सुपरमॅनला दुसरं नाव असेल, अशी शंकाच कुणाला येत नाही. हा उघड्या चेहऱ्याचा फायदा. मुखवटा दिसला की त्यामागे कोण आहे हे विचारावंसं वाटतं. उघडा चेहरा म्हणतो, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. लोक समजतात, तो आकाशातून येतो आणि आकाशात जातो. तो रोज सकाळी कार्यालयात हजेरी लावत असेल, हे कुणाच्या मनात येणार?

अपेक्षा नसली की डोळे किती कमी बघतात, याची खरी उदाहरणं आहेत. १२ जानेवारी २००७ ला जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल डोक्यावर साधी टोपी घालून वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात ४३ मिनिटं वाजवत उभा राहिला. हातात १७१३ साली घडवलेलं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. समोरून १,०९७ माणसं गेली. थांबून ऐकलं सात जणांनी, ओळखलं एकीने. २०१६ मध्ये सुपरमॅनची भूमिका करणारा हेन्री कॅव्हिल अंगात सुपरमॅनचं चिन्ह असलेला टीशर्ट घालून न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, स्वतःच्याच चित्रपटाच्या भल्यामोठ्या जाहिरातीजवळ उभा राहिला. लोक शेजारून निघून गेले. त्याने तर चष्माही लावला नव्हता.

७. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर इतका हुशार. त्याला कसं कळत नाही?

त्याला कळतं, पण पटत नाही. याबद्दलची १९८७ मधली कथा ('सुपरमॅन', अंक २) मला या विषयावरची सर्वोत्तम वाटते. लूथरच्या प्रयोगशाळेत सगळी माहिती संगणकात भरली जाते आणि संगणक निकाल देतो: क्लार्क केंट हाच सुपरमॅन. तो निकाल समोर ठेवणाऱ्या संशोधक बाईला लूथर नोकरीवरून काढून टाकतो. त्याचं म्हणणं, इतकी ताकद असलेला माणूस सामान्य असल्याचं नाटक कशाला करेल? आपल्याकडे ती ताकद असती तर आपण काय केलं असतं, यापलीकडे त्याला विचारच करता येत नाही. पुरावा हातात होता, पण बघणाऱ्याचा स्वभाव आडवा आला.

८. लोइस लेन नावाजलेली पत्रकार. क्लार्कशेजारी बसते, सुपरमॅनला जवळून पाहते. तिला न कळणं पटतं का?

नाही, मला पटत नाही. प्रश्न ३ मधलं संशोधन इथे सुपरमॅनच्या विरोधात जातं. ती दोन्ही चेहऱ्यांना ओळखते आणि ओळखीचा चेहरा चष्म्याने लपत नाही. काही दिवस, फार तर काही महिने. वर्षानुवर्षं नाही.

पण "लोइस मूर्ख आहे" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जुने अंक पुन्हा वाचावेत. १९५८ पासून तिच्या नावाचं स्वतंत्र कॉमिक निघत होतं, आणि त्या काळातल्या कित्येक कथांत तिला संशय येतो. ती सापळे लावते, पुरावे जुळवते, आणि बरोबर निष्कर्षावर पोचते. मग सुपरमॅन स्वतःसारखा यंत्रमानव पुढे करून किंवा आणखी काही क्लृप्ती लढवून तिला खोटं पाडतो, आणि शेवटच्या चौकटीत वाचकाकडे बघून डोळा मिचकावतो. म्हणजे ती चुकत नव्हती, तिला चुकवलं जात होतं. जिच्या बुद्धीवर त्याचं प्रेम आहे, तिलाच तिच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावणं मला आजही खुपतं. लहानपणी त्या डोळा मिचकावण्यावर मी हसलो होतो. आता ते चित्र पाहवत नाही.

कथाकारांनाही हे जाणवलं असावं. १९८० च्या चित्रपटात क्लार्क अडखळतो, हात पेटत्या शेकोटीत जातो आणि भाजत नाही. लोइस ते बघते आणि विषय संपतो. कॉमिक्समध्ये १९९१ मध्ये क्लार्कने तिला स्वतःहून सांगितलं, १९९६ मध्ये त्यांचं लग्न झालं. गुपित फुटल्यावर कथा कोसळेल ही भीती खोटी ठरली. उलट लोइसला पहिल्यांदाच बरोबरीचं स्थान मिळालं.

९. संमोहन करणारा चष्मा, थरथरणारा चेहरा, ही स्पष्टीकरणं खरी आहेत का?

दोन्ही कॉमिक्समध्ये आलेली आहेत. १९७८ च्या 'सुपरमॅन'च्या एका अंकात (क्रमांक ३३०) असं सांगितलं की क्लार्कच्या भिंगांतून त्याची संमोहनशक्ती आपोआप बाहेर पडते आणि लोकांना तो किरकोळ शरीराचा दिसतो. १९८६ नंतरच्या कथांत सुपरमॅन चेहरा अतिवेगाने थरथरवतो, त्यामुळे फोटो अस्पष्ट येतात. मला दोन्ही नकोशी वाटतात, विशेषतः पहिलं. अख्ख्या शहराच्या मनात परवानगीशिवाय ढवळाढवळ करणारा माणूस क्लार्क केंट असूच शकत नाही.

१०. चेहरा एक वेळ सोडा. दर संकटाच्या वेळी गायब होणाऱ्या सहकाऱ्यावर कुणाला संशय येत नाही?

हा प्रश्न कमी विचारला जातो, पण हाच खरा आहे. गुप्त ओळख फुटायची असेल तर ती चेहऱ्यावरून नाही, वेळापत्रकावरून फुटेल.

कीचकवध आठवा. पांडवांचे वेश चोख होते. पण कीचकासारखा महाबली नुसत्या हातांनी मारला गेल्याची बातमी हस्तिनापुरात पोचली आणि प्रचलित कथेप्रमाणे दुर्योधनाला लगेच वाटलं, हे काम भीमाचंच. विराटाच्या स्वयंपाकघरातला बल्लव कुणी पाहिलाही नव्हता. कामावरून कर्ता ओळखला गेला.

नोकरीची निवड इथे फार उपयोगी पडते. बातमीदार टेबलावर नसला तर "बातमीसाठी गेला असेल" असंच वाटतं. बॅटमॅन एरवी ज्या नावाने वावरतो तो ब्रूस वेन श्रीमंत आहे, त्याची हजेरी कोण घेणार? पार्टीतून तो लवकर सटकला तर लोक स्वतःच कारण शोधून मोकळे होतात. सगळ्यात अवघड जागी आहे पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन. तो 'डेली ब्यूगल' या वृत्तपत्राला स्पायडरमॅनचे, म्हणजे स्वतःचेच, फोटो विकतो, जे इतर कुणालाच मिळत नाहीत. संपादक जेमसनने एकदा शांत बसून विचार केला असता तर? पण जेमसनला फोटो हवे असतात, आणि पुरवठा बंद होईल असा प्रश्न कुणी स्वतःहून विचारत नाही.

११. बॅटमॅनची हनुवटी उघडी असते, एवढ्या यंत्रांना पैसाही लागतो. त्याच्या गॉथम शहरात कुणीच हिशोब मांडत नाही?

मांडला आहे, एका लहान मुलाने. टिम ड्रेक. सर्कशीत डिक ग्रेसनने हवेत मारलेल्या चार कोलांट्या त्याने बघितल्या होत्या. काही वर्षांनी टीव्हीवर बॅटमॅनच्या जोडीदाराला, रॉबिनला, तीच उडी मारताना त्याने पाहिलं. ती उडी मारू शकणारी माणसं जगात मोजकी. म्हणजे रॉबिन हा डिक, आणि डिकला सांभाळणारा ब्रूस वेन हा बॅटमॅन. १९८९ च्या कथानकात हे येतं आणि पुढे टिम स्वतःच रॉबिन होतो. मला हा शोध पूर्ण पटतो. ओळखीच्या माणसाला आपण जिन्यावरच्या पावलांवरूनही ओळखतो, मग अशा उडीवरून का नाही?

आणखी एक धोका: काही लोकांना एकदा पाहिलेला चेहरा वर्षांनंतरही आठवतो. लंडनच्या पोलिसांनी असे लोक मुद्दाम हाताशी धरले आहेत. गॉथमच्या पोलिसांत असा एक जण असता तर हनुवटीनेही काम झालं असतं.

१२. जवळच्या माणसांना कळत नाही, की ते कळूनही बोलत नाहीत?

मला विचाराल तर, सर्वात विश्वासार्ह गुप्त ओळख तीच, जी जवळच्यांना कळलेली असते.

पीटर पार्करची मैत्रीण मेरी जेन हिने १९८४ च्या एका अंकात त्याला सांगितलं की तिला तो स्पायडरमॅन असल्याचं केव्हापासूनच माहीत आहे. म्हणजे त्याने जुळवलेली सगळी निमित्तं तिने कळत असून ऐकून घेतली होती. १९७० मध्ये कॅप्टन स्टेसी एका मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली सापडतो आणि मरता मरता स्पायडरमॅनला 'पीटर' म्हणून हाक मारतो, आपली मुलगी ग्वेन हिला सांभाळ म्हणतो. पोलीस अधिकारी होता तो. ओळखलं होतं आणि पोटात ठेवलं होतं.

गॉथमच्या पोलिसांतल्या कमिशनर गॉर्डनचे दोन प्रसंग तर पाठ व्हावेत असे आहेत. १९८७ च्या कथेत मुखवटा नसलेला ब्रूस वेन गॉर्डनच्या तान्ह्या बाळाला पुलावरून पडताना वाचवतो. समोरासमोर उभा असताना गॉर्डन सांगतो की चष्म्याशिवाय आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. चष्मा इथेही आहे, पण न ओळखणाऱ्याचा. १९९९ मध्ये बॅटमॅन गमावलेला विश्वास परत मिळवण्यासाठी स्वतःहून मुखवटा काढतो. गॉर्डन पाठ फिरवतो आणि तो परत चढवायला सांगतो. जाणून घ्यायचं असतं तर केव्हाच शोधलं असतं, असं त्याचं म्हणणं. एकदा अधिकृतपणे कळलं की पोलीस म्हणून त्याला काहीतरी करावं लागेल, म्हणून तो कळून घेत नाही.

पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंचं वेगळं झालं. त्यांना २००१ मध्ये कळलं ते जखमी होऊन घरी झोपलेल्या पीटरला पाहून. इतकी वर्षं त्यांचं हृदय हा धक्का सोसणार नाही, असं पीटर धरून चालला होता. काकू त्याच्या अंदाजापेक्षा कणखर निघाल्या.

१३. खऱ्या आयुष्यात इतकं मोठं गुपित कुणी इतकी वर्षं ठेवलंय का?

हो. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात पत्रकारांना माहिती पुरवणारा 'डीप थ्रोट' कोण, हे १९७२ पासून २००५ पर्यंत गुलदस्त्यात होतं. तो निघाला एफबीआयमधला क्रमांक दोनचा अधिकारी मार्क फेल्ट. त्याच्यावर संशय अगदी सुरुवातीलाच, खुद्द अध्यक्षांच्या दालनात घेतला गेला होता. तो नाकारत राहिला आणि ३३ वर्षं निभावलं.

किम फिल्बी तर ब्रिटिश गुप्तहेर खात्यात सोव्हिएतविरोधी विभागाचा प्रमुख होता आणि स्वतःच सोव्हिएत हेर होता. जानेवारी १९६३ मध्ये बैरूतमध्ये एका रात्रीच्या जेवणाला त्याची बायको पोचली. तो आलाच नाही, पुढे मॉस्कोत निघाला. अशी माणसं सापडतात तेव्हाही जवळचे मित्र शेवटपर्यंत त्यांची बाजू घेत असतात. लूथरला क्लार्कबद्दल पटलं नाही, यात मग नवल वाटत नाही (प्रश्न ७).

१४. आज चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत. आता तर हे अशक्यच ना?

उघड्या चेहऱ्याच्या नायकासाठी, हो. चष्मा लावून फोन उघडतो ना? मग क्लार्कचा चष्मा यंत्राला काय अडवणार! पाठ वाकवून आणि आवाज बदलून यंत्र फसत नाही. प्रश्न ४ मधली सगळी कला माणसाच्या नजरेसाठी आहे.

लेखकांनी हे ओळखलंय. २००८ च्या चित्रपटात टोनी स्टार्क पत्रकार परिषदेतच आपण आयर्न मॅन असल्याचं सांगून टाकतो. २०१९ च्या कॉमिक्समध्ये सुपरमॅननेही जगाला स्वतःहून सांगितलं.

१५. गुपित फुटल्यावर सगळ्यांना विसरायला लावतात, ते योग्य आहे का?

१९८० च्या चित्रपटात एका चुंबनाने लोइसची आठवण पुसली जाते. २०२१ च्या चित्रपटात सगळं जग पीटर पार्करला विसरतं. दोन्हीत फरक आहे. पीटर स्वतःचं सगळं गमावतो, हे बलिदान आहे. लोइसला कुणी विचारलंही नाही. तिने कमावलेलं सत्य तिच्याकडून काढून घेतलं गेलं. प्रश्न ८ मधलं डोळा मिचकावणं आणि हे, एकाच जातीचं.

१६. सुपरमॅन मेला त्याच दिवशी क्लार्कही नाहीसा झाला. तेव्हा तरी कळायला हवं होतं!

१९९२ च्या शेवटी आलेल्या कथानकात डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढताना सुपरमॅन मरतो. त्याच दिवसापासून क्लार्क केंट बेपत्ता. पण शहराची इतकी नासधूस झालेली असते की बेपत्ता लोकांच्या यादीत आणखी एक नाव कुणाला खटकत नाही. पुढे सुपरमॅन परततो तेव्हा क्लार्क ढिगाऱ्याखालच्या निवाऱ्यात अडकला होता, असं दाखवलं जातं. रूप बदलू शकणारी सुपरगर्ल क्लार्कचं रूप घेते, त्यामुळे दोघे एकाच वेळी लोकांसमोर येतात आणि राहिलासाहिला संशयही मिटतो. युक्ती म्हणून हे पक्कं आहे.

पण त्या मधल्या दिवसांत स्मॉलव्हिलच्या शेतावर जोनाथन आणि मार्था केंट असतात. मेट्रोपोलिसच्या रस्त्यांवर लाखो लोक सुपरमॅनच्या अंत्ययात्रेला जमलेले, आणि हे दोघे घरात टीव्हीसमोर बसून ती बघताहेत. शवपेटीत त्यांचा मुलगा आहे, आणि तिथे जाऊन ते कुणाला तसं सांगू शकत नाहीत.